असीरगडच्या वेढ्यातील एक धर्मगुरू

बऱ्हाणपुराहून खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर गेले म्हणजे सातपुड्याच्या रांगेतून सुटून निघाल्यासारखा एक डोंगर समोर उभा राहतो. त्याच्या माथ्यावर मशिदीचे दोन मिनार दिसतात. हाच असीरगड. पायथ्याशी त्याच नावाचे लहानसे खेडे आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट ह्या डोंगराच्या नजरेखालून जाते. म्हणूनच जुन्या काळी त्याला 'दख्खनचा दरवाजा' म्हणत.

काही धर्मशिक्षकांसह मी हा गड चढलो होतो. बहुतेकांना तेथे दोन स्थळे पाहावयाची होती. एक गुप्तेश्वर महादेवाचे देऊळ, जेथे चिरंजीव अश्वत्थामा पहाटे येऊन शिवपिंडीवर फूल वाहून जातो, अशी पंचक्रोशीतील लोकांची श्रद्धा आहे. आणि दुसरे इंग्रजांची ओसाड दफनभूमी. मशिदीपाशी विसाव्याला बसलो असता मी त्यांना एक तिसरी हकिगत सांगितली. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या घराण्यातील फादर जेरोम झेवियर हे 1600 साली अकबर बादशहाच्या छावणीत ह्या परिसरात होते. बादशहाने पोर्तुगीजांकडून तोफा मागवून देण्याची आज्ञा केली असता त्यांनी 'हे माझ्या धर्माविरुद्ध आहे' असे सांगून ती धुडकावली. आणि त्यांच्या सहवासाचे फळ म्हणून अकबराने आपल्या विजयाच्या शिलालेखात प्रभू येशूचे वचन कोरविले. ही हकिगत मी प्रवचनांतूनही अनेकदा सांगितली होती आणि ऐकणाऱ्यांना ती नेहमीच आवडत असे.

त्या दिवशी मात्र आमच्यातील एका वयस्क धर्मशिक्षकाने शांतपणे विचारले, "फादर, गडाच्या आतही पोर्तुगीज होते असे आपण मघाशी म्हणालात. मग त्या फादरांनी तोफा धर्मासाठी नाकारल्या, की आपल्या माणसांसाठी?"

मला तेथल्या तेथे नीट उत्तर देता आले नाही. परत आल्यावर त्या काळचे वृत्तांत पुन्हा काढून वाचले, तेव्हा ध्यानात आले की मी सांगत होतो त्यातील निम्मी हकिगत अपुरी आणि उरलेली निम्मी चुकीची होती. ती दुरुस्त करावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम गडाविषयी थोडे. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की आसा अहीर नावाच्या गवळी सरदाराने हा किल्ला बांधला आणि त्याच्याच नावावरून त्यास असीर हे नाव पडले. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीर खानाने तो कपटाने घेतला. आपल्या जनान्यास आश्रय हवा अशी बतावणी करून त्याने डोल्यांतून सैनिक आत धाडले. ह्याच नसीर खानाने पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापीकाठी बऱ्हाणपूर वसविले आणि खुलदाबादच्या शेख बुऱ्हानुद्दीन गरीब ह्या सूफी संताचे नाव त्यास दिले. पैलतीरावरच्या झैनाबादला शेख झैनुद्दीन ह्यांचे नाव मिळाले. दोन तीरांवर दोन साधूंची नावे आणि पाठीशी कपटाने मिळविलेला गड, अशी ह्या राज्याची सुरुवात झाली. पुढे दोनशे वर्षांनी त्याचा शेवटही त्याच गडावर आणि, एका पक्षाच्या साक्षीप्रमाणे, तशाच कपटाने झाला.

गडाची चढण पायथ्यापासून सुमारे साडेआठशे फूट आहे. एकाखाली एक असे त्याचे तीन भाग असून त्यांना असीरगड, कमरगड आणि मलयगड म्हणतात. माथ्यावर पाण्याची तळी आहेत, आणि अशा किल्ल्याचे खरे बळ तटापेक्षा पाण्यात असते. माथ्यावरची जामा मशीद राजा अली खान ह्या फारुकी सुलतानाने बांधली. त्याचीच दुसरी मशीद बऱ्हाणपुरात आहे आणि ती आपल्या वाचकांनी अवश्य पाहावी. तिच्यात अरबी लेखाबरोबर शके 1511 चा, म्हणजे इसवी सन 1590 च्या सुमाराचा, एक संस्कृत लेखही आहे. अव्यक्त आणि सर्वव्यापी अशा सृष्टिकर्त्याला वंदन करून तो लेख सुरू होतो, सुलतानाची वंशावळ सांगतो आणि मशिदीच्या निर्मितीची मिती पंचांगाच्या रीतीने देतो. मशिदीत, देवाच्या स्तुतीसाठी, प्रजेच्या विद्वानांची भाषा! आपल्या धर्मविद्यालयांत स्थानिक भाषेतून ईशज्ञान कसे मांडावे ह्याची चर्चा चालते, तेव्हा मला त्या भिंतीची आठवण होते. त्याच मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेखही आहे, आणि तेथूनच आपली हकिगत सुरू होते.

राजा अली खान मुघलांच्या बाजूने दख्खनच्या सैन्याशी लढताना 1597 साली पडला. त्याचा मुलगा बहादूर खान गादीवर आला. बापाचे धोरण त्याने पुढे चालविले नाही. अकबराचा मुलगा शहजादा दानियाल बऱ्हाणपुराहून अहमदनगरच्या स्वारीवर निघाला असता तो गडाखाली त्याच्या भेटीस आला नाही. अकबराने तो अपमान मानला आणि 1600 च्या वसंत ऋतूत तो स्वतः बऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला. शहर सहज मिळाले, परंतु गड मिळेना.

ह्याच सुमारास बादशहाच्या समागमे फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेंतो द गोइश हे दोघे येशूसंघीय होते. जेरोम हे संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या बहिणीचे नातू. त्यांचा जन्म 1549 साली नवार प्रांतात झाला. हिंदुस्थानात आल्यावर आपल्या वसईच्या महाविद्यालयाचे ते काही काळ प्रमुख होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. 1595 साली गोव्याहून लाहोरास गेलेल्या तिसऱ्या मिशनचे ते मुख्य होते. बादशहा जेथे जाई तेथे त्यांनाही जावे लागे. छावणीतल्या धर्मगुरूचे जिणे कसे असेल ह्याची कल्पना करावी. डोक्यावर बादशाही छत्र, पण त्या छत्राखालून केव्हा हाकलले जाऊ ह्याची शाश्वती नाही.

अकबराजवळ असीरगडसारखा गड फोडण्याजोग्या जड तोफा पुरेशा नव्हत्या. शिवाय त्याला घाई होती. 1600 च्या मध्यास शहजादा सलीमने उत्तरेत बंडाळी आरंभिली होती, आणि बादशहाला येथे वर्षानुवर्षे अडकून पडणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याने फादर झेवियर ह्यांना आज्ञा केली की चौलच्या पोर्तुगीजांना पत्र लिहून तोफा व दारूगोळा मागवावा. चौल म्हणजे आपल्या कोकणातील रेवदंड्याजवळचे चौल. झेवियर ह्यांनी उत्तर दिले की हे काम ख्रिस्ती धर्माला सोडून आहे, ते माझ्याकडून होणार नाही. अकबर संतापला. दोघांनीही छावणी सोडून तत्काळ गोव्यास चालते व्हावे असा हुकूम झाला. ते निघण्याच्या तयारीस लागले, तेव्हा एका स्नेही सरदाराने, वाटेत जिवाला धोका होईल, बादशहाचा राग निवेपर्यंत थांबा, असा सल्ला दिला. राग निवला आणि पूर्वीची कृपा परतली.

इथपर्यंतची हकिगत मी सांगत असे आणि ती खरी आहे. परंतु झेवियर ह्यांच्या पत्रांवरून ग्वेरेरो ह्याने पोर्तुगीज भाषेत आणि त्यानंतर द्यु जारिक ह्याने फ्रेंच भाषेत जो वृत्तांत सिद्ध केला, त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी सांगत नसे. खानदेशच्या सत्तेने थोड्याच दिवसांपूर्वी पोर्तुगीजांशी तह केला होता, असे तो वृत्तांत स्वतःच नमूद करतो. गडाच्या आत सात पोर्तुगीज अधिकारी बहादूर खानाच्या चाकरीत होते, हेही त्याच वृत्तांतावरून कळते. म्हणजे ज्या तोफा मागविल्या जात होत्या त्या पोर्तुगीजांच्या मित्रावर आणि काही पोर्तुगिजांवरही डागल्या जाणार होत्या.

तेव्हा आमच्या धर्मशिक्षकांची शंका रास्त होती. झेवियर ह्यांचा नकार केवळ विवेकबुद्धीचा होता, की त्यात गोव्याच्या राजकारणाचाही अंश होता? 1917 साली अकबराचे चरित्र लिहिणारे व्हिन्सेंट स्मिथ ह्यांना त्यात राजकारणच दिसले. मला स्वतःला दोन्ही दिसतात. झालेला करार मोडण्यास हातभार लावणे हे पापच आहे, आणि धर्मगुरूने युद्धसामग्रीची मध्यस्थी करू नये हेही खरे. तथापि, तह उलट बाजूने असता, म्हणजे खानदेश पोर्तुगीजांचा शत्रू असता, तर फादर झेवियर ह्यांनी हेच उत्तर दिले असते काय? त्यांना पोर्तुगालच्या राजाचा आश्रय होता आणि त्यांचा धर्मप्रसार त्याच राजाच्या छत्राखाली चाले. हा प्रश्न पुसून टाकून त्यांना निखळ हुतात्म्याच्या थाटात उभे करणे हे त्यांच्यावर उपकार नव्हेत.

आता गड पडला कसा, ह्याविषयी. येथे दोन साक्षी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

येशूसंघीय वृत्तांत असे सांगतो. भेटीस आल्यास गडावर सुखरूप परत जाऊ देऊ, अशी अकबराने आपल्या मस्तकाची शपथ वाहून हमी दिली. बहादूर खान शरणागतीची खूण म्हणून गळ्यात वस्त्र घालून खाली आला आणि त्याने तीन वेळा मुजरा केला. तेवढ्यात एका मुघल सरदाराने त्याचे डोके धरून त्याला जमिनीवर पाडले, पूर्ण लोटांगण घडावे म्हणून. मग गड खाली करण्याचा हुकूम लिहून दे असा त्याला आग्रह झाला. तो नाही म्हणाला, आणि त्याला परत जाऊ दिले नाही. गडाचा वृद्ध हबशी किल्लेदार हे ऐकून खवळला व त्याने आपला मुलगा मुकर्रबखान ह्यास जाब विचारण्यास पाठविले. त्याने बाणेदार उत्तरे दिली म्हणून बादशहाने त्यास भोसकून ठार करविले. पुत्राची वार्ता ऐकून बापाने स्वतःच्या गळ्याला वस्त्राचा फास लावून प्राण दिला. त्यानंतर सोन्यारुप्याच्या बळावर आतले सरदार फुटले आणि 1601 च्या जानेवारीत दरवाजे उघडले.

दुसरी साक्ष मुघल पक्षाची. अबुल फजल स्वतः ह्या मोहिमेत होता, आणि फैजी सरहिंदी ह्यानेही वेढ्याची हकिगत लिहिली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गडात माणसे आणि जनावरे दाटीने कोंडली गेली, त्यामुळे साथ उद्भवली. माणसांचे पाय लुळे पडले, डोळे गेले, आणि धीर खचून गड शरण आला. मुकर्रबखानाच्या मृत्यूचा दोषही ते बादशहावर ठेवीत नाहीत.

कोणाचे खरे? स्मिथ ह्यांनी येशूसंघीयांची बाजू उचलली आणि साथीची गोष्ट दरबाऱ्यांनी रचलेली ठरविली. आपल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेरास ह्यांनी 1924 साली 'इंडियन अँटिक्वेरी'त ह्या वेढ्यावर लिहिताना त्यास प्रत्यक्षदर्शीचे वर्णन म्हणून पुढे मांडले. उलट 1926 साली सी. एच. पेन ह्यांनी द्यु जारिकचा वृत्तांत इंग्रजीत आणताना स्मिथ ह्यांच्या निष्कर्षाला कडाडून विरोध केला. ह्या वादात आपण, आपला तो खरा, अशा वृत्तीने पडू नये. अबुल फजल हा बादशहाचा मीठ खाणारा. त्याने धन्याची शपथभंगाची गोष्ट लिहिली नसती हे उघड आहे. पण झेवियर हे त्याच बादशहाच्या संतापातून नुकतेच सुटलेले होते आणि पराभूत पक्ष पोर्तुगीजांचा मित्र होता, हे तरी का विसरावे? छावणीत असणे वेगळे आणि तंबूतले बोलणे कानांनी ऐकणे वेगळे. माझे मत विचाराल तर साथ आणि लाच ह्या एकत्र नांदू शकतात. रोगाने खचलेली शिबंदी पैशाला लवकर वश होते. शपथेविषयी मात्र मी निर्णय देऊ शकत नाही. एवढे निश्चित की बहादूर खान पुन्हा गडावर परतला नाही. त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदी म्हणून धाडण्यात आले, आणि दोन शतकांचे फारुकी राज्य संपले. खानदेशला शहजादा दानियालच्या नावावरून 'दानदेश' हे नाव देण्यात आले. दानियाल स्वतः 1605 साली बऱ्हाणपुरासच अतिमद्यपानाने मेला, आणि ते नाव फार काळ टिकले नाही.

ह्या सर्व धामधुमीत एक लहानशी घटना आहे. गड पडल्यावर ते सात पोर्तुगीज अधिकारी बादशहापुढे आणले गेले. त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. वृत्तांत सांगतो की फादर झेवियर ह्यांनी त्यांना आपल्या स्वाधीन करण्याची विनंती केली, ती मान्य झाली आणि ते पुन्हा ख्रिस्तमंडळीत आले. हेही राजकारणापासून अगदी मुक्त होते असे नाही. मागणारा आपल्याच देशबांधवांसाठी मागत होता, आणि बंदिवानांचे मतांतर कितपत मनापासूनचे असते हा प्रश्न त्यांच्या आधीच्या धर्मांतराइतकाच ह्या पुनरागमनालाही लागू आहे. तरीही ज्यांना सोडविण्याने बादशहाची मर्जी वाढणार नव्हती आणि गोव्याची कीर्तीही वाढणार नव्हती, अशा माणसांसाठी त्यांनी शब्द टाकला. तोफांच्या नकारापेक्षा मला आज हा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. प्रवचनात मी तो कधी सांगितला नव्हता.

1601 च्या वसंतात अकबराने बऱ्हाणपुराहून गोव्यास वकिलात पाठविली, तिच्याबरोबर ब्रदर गोइश गेले. पुढे हेच गोइश मध्य आशियातून चीनचा मार्ग शोधीत निघाले आणि 1607 साली चीनच्या सीमेवर मरण पावले. झेवियर बादशहाबरोबर आग्र्यास परतले.

आता त्या शिलालेखाची गोष्ट. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावर दख्खन आणि खानदेशच्या विजयाची नोंद आहे, हिजरी सन 1010. त्याच लेखात, येशूने म्हटले आहे असे सांगून, हे जग एक पूल आहे, त्यावरून पार व्हावे पण त्यावर घर बांधू नये, अशा आशयाचे वचन कोरले आहे. हे फादर झेवियर ह्यांच्या शिकवणुकीचे फळ, असे मी सांगत असे. तसे मानण्यास आधार नाही. हे वचन आपल्या चार शुभवर्तमानांत नाही. मुसलमान धर्मग्रंथकारांत मात्र ते हजरत ईसांच्या नावे फार पूर्वीपासून प्रचलित होते. 1111 साली वारलेले इमाम गझाली ह्यांनीही ते दिले आहे. बायबलपंडित योआकिम येरेमियास ह्यांनी येशूच्या अलिखित वचनांचा विचार करताना ह्याचा परामर्श घेतला आहे. दरवाज्यावर ते कोरणाऱ्याला येशूसंघीयांकडे जाण्याची काहीच गरज नव्हती. ते त्याच्या स्वतःच्याच परंपरेत होते. आपल्या प्रभूचे नाव आपल्या मिशनऱ्यांच्या आधीच दुसऱ्याच्या घरात आदराने घेतले जात होते, ही गोष्ट मला आता माझ्या जुन्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. विरोधाभास एवढाच की ते वचन विजयाच्या दरवाज्यावर, घर बांधू नये हे सांगण्यासाठी, भल्या थोरल्या बांधकामावर कोरले गेले.

झेवियर ह्यांचे स्वतःचे काम दुसरीकडे होते. अब्दुस सत्तार ह्या विद्वान मुसलमानाच्या साहाय्याने त्यांनी फारसी भाषेत 'मिरात-उल-कुद्स', म्हणजे पवित्रतेचा आरसा, हे ख्रिस्तचरित्र लिहिले आणि 1602 साली ते अकबराच्या हाती दिले. चौदा वर्षांनी, 1616 साली, राचोल येथे फादर स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. एकाच संघाच्या दोन धर्मगुरूंनी एकाच पिढीत ख्रिस्तकथा लिहिली. एकाने ती राजसभेच्या भाषेत लिहिली, दुसऱ्याने ओवीत, सासष्टीच्या गावकऱ्यांसाठी. पहिले पुस्तक चित्रांनी सजून बादशाही ग्रंथालयात गेले. दुसरे देवळांतून वाचले गेले. झेवियर 1617 साली गोव्यात वारले.

गडाची पुढील कथा आपल्या इतिहासात वारंवार डोकावते. उदगीरच्या लढाईनंतर 1760 साली तो पेशव्यांकडे आला, मग शिंद्यांकडे गेला. दुसरा बाजीराव 1818 च्या जूनमध्ये ह्याच परिसरात सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी ह्या गडाचा आसरा घेतला, आणि किल्लेदार जसवंतराव लाड ह्याने वेढा सोसून 9 एप्रिल 1819 रोजी गड इंग्रजांना दिला. दफनभूमीतल्या कबरी त्यानंतरच्या शिबंदीच्या काळातील आहेत.

पुन्हा गेलो तेव्हा ते धर्मशिक्षक बरोबर नव्हते. बऱ्हाणपुरात आधी तापीकाठचा जुना किल्ला पाहिला. मग 1615 च्या सुमारास खणलेला कुंडी भंडारा, जेथे सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून विहिरींच्या रांगेने शहरापर्यंत आणले होते. झैनाबादच्या आहूखान्यातही गेलो, जेथे 1631 साली मुमताज महलचे शव आग्र्यास नेण्यापूर्वी सहा महिने पुरलेले होते. गडावर पोहोचेपर्यंत दुपार टळली. गुप्तेश्वराच्या पिंडीवर ताजे फूल होते. पुजारी म्हणाला, "सकाळी आम्ही येण्याआधीच कोणी वाहून गेले होते." मी त्याला कोणी, असे विचारले नाही. मशिदीच्या ओट्यावर बसून दक्षिणेकडे पाहिले. तापीच्या खोऱ्यात केळीच्या बागा दिसत होत्या, आणि त्यापलीकडे कोठेतरी 1600 साली मुघलांचे तंबू होते. त्या धर्मशिक्षकांना मी त्याच रात्री पत्र लिहिले: दोन्हींसाठी असावे, असे मला वाटते, पण सात जणांची गोष्ट मी त्या दिवशी सांगायला विसरलो.